सगोत्र वर्ज्य



ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली की या देशात साडेचारलाच दिवेलागण होते. बागेत काम उरलेलं नसतं, क्रिकेट संपलेलं असतं, आणि टीव्हीचा रिमोट आमच्या हाती लागण्याची शक्यता मुळातच कमी. अशा दिवसांत कुणी पेटी शिकतं, कुणी भिशी लावतं. आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून प्लॅस्टिकची इंजिनं रंगवतो. आणि छान रंगवून झाली की ती मळवतो.

दचकू नका. या छंदातली मंडळी त्याला 'वेदरिंग' म्हणतात. नवं कोरं, चकचकीत मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. खरं इंजिन ऊनपाऊस, धूर, तेल, धूळ सगळं अंगावर घेतं. ते मॉडेलवर दिसलं तरच ते खरं वाटतं. यातली पहिली पायरी म्हणजे 'वॉश'. नाव वॉश, पण काम धुण्याच्या नेमकं उलट! एक भाग रंग आणि दहा भाग पातळ करणारं द्रव्य, असं ताकाच्या निवळीसारखं मिश्रण करायचं आणि ब्रशने मॉडेलच्या खाचाखोचांत सोडायचं. ते रिवेटांभोवती, सांध्यांत आपोआप पळतं. उंचवट्यावरचं पुसून घ्यायचं, खाचेतलं राहू द्यायचं. खाचेतला काळपट रंग सावलीचं काम करतो आणि वीत-सव्वा वीत लांबीचं इंजिन एकदम शंभर टनांचं वाटायला लागतं.

आमच्या सौ.चं यावर मत असं की, "अहो, आयुष्यभर तुमच्या कॉलरी घासल्या. मळवण्यातही शास्त्र असतं हे आधी सांगितलं असतंत तर तशाच वाळत घातल्या असत्या."

गेल्या हिवाळ्यात आम्हाला या उद्योगात भागीदार मिळाला. आमचे वडील, अण्णा. आई गेल्यानंतर आम्ही त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. अण्णा १९६२ साली भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले, मग ड्रायव्हर. इकडे आल्यावर मात्र त्यांचं बोलणंच आटलं. खिडकीशी बसून समोरच्या घरांची कौलं बघत राहायचे. काय हवंय विचारलं की, "काही नको." चहा देऊ? "दे." संपलं संभाषण. मार्चमध्ये त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आम्ही ठरवलं होतं, त्यालाही "कशाला उगाच" एवढंच उत्तर.

एका रविवारी आम्ही त्यांच्यापुढे एक खोकं ठेवलं. त्यावर चित्र होतं 'ईव्हनिंग स्टार' या इंजिनाचं. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन. क्रमांक ९२२२०. मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं. त्याच्या वर्गातली बाकीची सगळी मालगाडीची इंजिनं काळी, पण हे शेवटचं म्हणून याला हिरवा रंग आणि धुराड्याला तांब्याचा गोट. आणि एवढं करून १९६५ मध्ये ते सेवेतून काढलंसुद्धा. जेमतेम पाच वर्षं! आता ते राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्याच्या या प्लॅस्टिकच्या संचाचा साचाही साठेक वर्षांपूर्वीचा. किटमास्टरकडून एअरफिक्सकडे आणि तिथून डॅपॉलकडे, असा घरं बदलत आलेला.

अण्णांनी चष्मा लावला, चित्र बघितलं आणि म्हणाले, "ईव्हनिंग स्टार म्हणजे शुक्रतारा की रे. आमच्याकडेही होता एक. अंतिम सितारा."

आम्ही कान टवकारले. त्या आठवड्यातलं त्यांचं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं!

अण्णांनी सांगितलं ते असं. चित्तरंजनच्या कारखान्यात १९७० मध्ये ब्रॉडगेजसाठीचं शेवटचं वाफेचं इंजिन तयार झालं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. डब्ल्यूजी जातीचं. १९५० ते १९७० या वीस वर्षांत या जातीची २,४५० इंजिनं भारतात आली, काही परदेशात बांधलेली, बरीचशी चित्तरंजनची. अण्णांची उमेद सगळी याच जातीच्या इंजिनांवर गेली. म्हणजे तिकडचा शेवटचाही तारा आणि इकडचा शेवटचाही ताराच. कुणी कुणाचं बघून नाव ठेवलं ते रेल्वेलाच माहीत.

त्या दिवसापासून टेबलाची एक बाजू अण्णांची झाली. हात थरथरतो, पण चिमट्यात तारेएवढी दांडी धरून ती बॉयलरच्या भोकात बसवायची वेळ आली की थरथर थांबायची. दोन महिन्यांत त्यांनी इंजिन उभं केलं. रंगही स्वतः दिला. इनॅमलचे तीन पातळ हात, ब्रशने. आणि जानेवारीत एका संध्याकाळी ते आमच्यापुढे सरकवून म्हणाले, "मळ चढवायचा तो तूच चढव. मला फक्त पुसायचं ठाऊक आहे."

आणि मंडळी, इथे आम्ही माती खाल्ली.

घरात वॉशची एक तयार बाटली होती. आम्ही ती हलवली आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या, एका बाजूवर सढळ हाताने सोडली. वीस मिनिटं थांबलो. मग व्हाइट स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून जास्तीचा वॉश पुसायला घेतला. वॉश निघाला. पाठोपाठ अण्णांचा हिरवा रंगही निघाला. थांबायचं सोडून आम्ही सारवासारव करत गेलो, आणि दोन मिनिटांत त्या बाजूची पालकाची पातळ भाजी झाली. एवढ्यावर भागलं नाही. जास्तीचा वॉश ओघळून चाकांच्या दांड्यांपाशी साचला होता. त्या दांड्या जरा ताणून बसवलेल्या होत्या आणि त्यांना रंगही दिलेला नव्हता. सकाळी बघतो तो एक दांडी मधोमध तडकलेली.

अण्णांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन बसले. पुन्हा कौलं.

दोन दिवस घरात असं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी आले, सौ.ची हिशेबाची वही ओढली, पेन काढलं आणि म्हणाले, "गाडी रुळावरून घसरली की आधी चौकशी होते. कारण सापडल्याशिवाय पुढची गाडी सोडत नाहीत. बोल. खाली काय होतं? वर काय घातलंस? आणि पुसलंस कशाने?"

आम्ही बाटल्या आणि डब्या आणल्या, भिंग घेतलं, बारीक अक्षरं वाचली. खाली इनॅमल. वर इनॅमलचाच वॉश. पुसलं व्हाइट स्पिरिटने, म्हणजे ज्यात इनॅमल विरघळतं त्यानेच. आणि मधे चार दिवसांचं वाळणं. अण्णांनी पेन खाली ठेवलं. "अरे, सगळं सगोत्रच की!"

वाचकहो, या विषयावरची जाडजूड पुस्तकं आम्ही चाळली आहेत, पण याहून सोपं सूत्र आम्हाला कुठे सापडलं नाही. रंगाचं गोत्र म्हणजे तो कशात विरघळतो ते. वॉश आणि त्याच्या खालचा रंग एका गोत्राचे नकोत. माणसांच्या बाबतीत आम्ही हा नियम केव्हाच सोडला. आमच्या लेकीने गोत्रच काय, खंडसुद्धा ओलांडलं आणि जावई पुरणपोळी आमच्यापेक्षा जास्त खातो. पण रंगांच्या बाबतीत आम्ही आता कट्टर सनातनी आहोत.

गोत्रं मुख्यतः चार. पहिलं पाण्याचं. व्हालेहो किंवा सिटाडेलचे ॲक्रिलिक रंग यातले. (व्हालेहो आज स्पेनची कंपनी म्हणून ओळखली जाते, पण १९६५ मध्ये ती सुरू झाली न्यू जर्सीत आणि १९६९ मध्ये स्पेनला गेली. देशांतर आपणच करतो असं नाही!) हे रंग ओले असताना पाण्याने धुतले जातात, पण एकदा पूर्ण वाळले की पाण्याला दाद देत नाहीत. व्हाइट स्पिरिटलाही देत नाहीत. म्हणून नवशिक्याने खालचा रंग या गोत्राचा घ्यावा. त्यावर इनॅमलचा किंवा तैलरंगाचा वॉश सुखाने नांदतो.

दुसरं गोत्र अल्कोहोलचं. तामियाच्या छोट्या बाटल्यांतले ॲक्रिलिक रंग यातले. नाव तेच, ॲक्रिलिक, पण स्वभाव वेगळा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की वाळलेला रंगही सुटतो. व्हाइट स्पिरिट मात्र याला चालतं.

तिसरं व्हाइट स्पिरिटचं. इनॅमल आणि चित्रकारांचे तैलरंग दोन्ही यात येतात. हंब्रॉलच्या त्या चिमुकल्या डब्या आठवतात ना? हल शहरात १९१९ मध्ये निघालेली ती हंबर ऑइल कंपनी, त्यावरून हे नाव. इनॅमल हाताला काही तासांत वाळलेलं लागतं, पण आतून पक्कं व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तोवर स्पिरिटने ते मऊ पडतं. आमची फसगत झाली ती इथेच.

चौथं लॅकरचं. हे जमदग्नी गोत्र! याचं थिनर इतकं तिखट की खालचं इनॅमल सुरकुततं आणि जोर जास्त झाला तर प्लॅस्टिकही खाऊन टाकतं. लॅकर नेहमी सगळ्यांच्या खाली असावं. वाळल्यावर त्याच्या डोक्यावर कुणीही बसलं तरी ते हूं की चूं करत नाही. पण त्याला दुसऱ्यांच्या डोक्यावर बसवू नये.

आणि आडनावावरून गोत्र ओळखायला जाऊ नका. एकच कंपनी तीन गोत्रांचे रंग विकते. तामियाचंच बघा, ॲक्रिलिक आहे, इनॅमल आहे, लॅकरही आहे, आणि खाचांत सोडायची त्यांची जी तयार बाटली मिळते ती इनॅमलची. तेव्हा बाटलीवरचं मोठं नाव सोडा आणि 'कशाने पातळ करावे' ही बारीक ओळ वाचा. तिथे खरी पत्रिका असते.

आता समजा दोन्हीकडचा रंग एकाच गोत्राचा आहे आणि दुसरा घरात नाही. मग? मग मधे अंतरपाट धरायचा! पाण्याच्या गोत्रातलं चकचकीत वॉर्निश पातळसं द्यायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. वरचा वॉश आणि खालचा रंग यांची गाठच पडत नाही. लग्नातला अंतरपाट मंगलाष्टकं संपली की दूर होतो, हा कायमचा राहतो, एवढाच फरक. वॉर्निश चकचकीतच हवं, त्यालाही कारण आहे. गुळगुळीत पृष्ठावर वॉश खाचेतून सरसर पळतो. मंद, खरखरीत पृष्ठावर तो जागच्या जागी पसरतो आणि टीपकागदावर शाई सांडल्यासारखा डाग पडतो. शेवटी सगळं झाल्यावर वरून मंद वॉर्निश द्यायचं, की चकाकी जाते आणि मळ पक्का होतो.

पाण्याच्या वॉशबद्दल एक सांगायला हवं. याला वास नाही, लहान मुलांबरोबर बसायला हाच चांगला. पण तो भराभर वाळतो आणि कडेला रेघ सोडतो, अंगणातलं डबकं आटल्यावर दिसते तशी. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचं टोक बुडवलेली काडी फिरवली तर तो नीट पसरतो. तैलरंगाच्या वॉशला मात्र घाई नाही. अर्ध्या तासानेही चूक सुधारता येते. आमच्यासारख्या धांदरटाला हाच बरा. नळीतला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवावा, पुठ्ठा जास्तीचं तेल पिऊन घेतो आणि रंग लवकर वाळतो. नुसता काळा वापरू नये. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळला की खरा मळ दिसतो. आणि कृपा करून खिडकी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. स्पिरिटची फडकी गोळा करून डब्यात कोंबू नका, बाहेर पसरून वाळवा. देवघरातली समई त्या खोलीत असेल तर तिला नमस्कार करून दुसऱ्या खोलीत बसा.

हे सगळं अण्णांनी वहीत उतरवलं. पण नुसत्या कागदावर विश्वास ठेवतील ते रेल्वेवाले कसले! "चाचणी घे," म्हणाले. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातले शिल्लक प्लॅस्टिकचे चमचे आमच्या गॅरेजमध्ये होतेच. (खजिनदारांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.) बारा चमचे रंगवले, प्रत्येकावर वेगळी जोडी, दांड्यावर क्रमांक. पाच चमच्यांवरचा रंग उतरला, सात टिकले. मॉडेलवर जे करायचं ते आधी चमच्यावर, हा आमच्या घरचा कायदा झाला.

टेंडर दोन आठवडे तसंच ठेवलं. मग बारीक पॉलिश पेपरने ओलं घासून सपाट केलं. अण्णांनी पुन्हा हिरवा रंग दिला, या वेळी पाण्याचा. वर चकचकीत वॉर्निश. इंजिनाच्या इनॅमललाही तोच अंतरपाट. तुटलेली दांडी आतून चिमुकली पट्टी लावून चिकटवली. चाकं आता फिरत नाहीत. अण्णा म्हणाले, "शेडमध्ये उभं आहे असं समज."

मग आम्ही तैलरंगाचा वॉश केला आणि जीव मुठीत धरून पुसला. हिरवा रंग जागचा हलला नाही! हुरूप आला. आम्ही चाकांवर, दांड्यांवर, बॉयलरवर सगळीकडे छान तांबूस गंज चढवला. पुस्तकातल्या फोटोंत असतो अगदी तसा. आणि मोठ्या ऐटीत अण्णांपुढे ठेवला.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "हे इंजिन मेलंय का रे?"

"म्हणजे?"

"चालत्या इंजिनाच्या दांडीला गंज कुठला? तिथे तेल असतं. तेलावर धूळ बसते, तिचं काळं वंगण होतं. गंज चढतो तो भंगारात काढल्यावर."

आणि मग अण्णा बोलत सुटले. सहा महिन्यांचं राहिलेलं सगळं त्या एका संध्याकाळी. धुराड्यामागे वरच्या अंगाला काजळी. पुढच्या दाराखाली राख, कारण तिथूनच ती उपसून काढतात. बॉयलरच्या कडेला जिथे झाकणं असतात तिथून पांढरे ओघळ, पाण्यातल्या क्षारांचे. जड पाण्याच्या मुलखात इंजिन फिरलं की हे ओघळ जास्त. चाकांच्या मागे, खाली, ब्रेकची तपकिरी भुकटी. आणि ड्रायव्हर जिथे धरून चढतो ती दांडी मात्र लखलखीत, कारण रोज हात लागतो. "तिथे काही लावू नको," ते म्हणाले. "तिथे माणूस आहे."

ते क्लीनर होते तेव्हा रात्रपाळीला घासलेट आणि चिंध्या घेऊन हाच सगळा मळ पुसत. कुठला मळ कुठून येतो आणि कुठवर ओघळतो, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. आम्ही गंज स्पिरिटने पुसून काढला. अंतरपाट होता म्हणून खालचं काही बिघडलं नाही. मग ते बोट दाखवत गेले आणि आम्ही ब्रश फिरवत गेलो. ओघळ सगळे वरून खाली, पाऊस येतो त्या दिशेने. आठवडाभर वाळू दिलं आणि मंद वॉर्निश देऊन टाकलं.

मार्चमध्ये सहस्रचंद्रदर्शन झालं. औक्षणाच्या तबकाशेजारी अण्णांनी स्वतःच्या हाताने इंजिन ठेवलं. आलेल्या प्रत्येकाला ते टेंडरची ती बाजू दाखवून सांगत होते, "इथे ॲक्सिडेंट झाला होता. चौकशी केली. सापडलं कारण." आणि मग गोत्रं, अंतरपाट, चमचे, सगळं साग्रसंगीत. केळवणाला बोलावल्यासारखी माणसं कोंडाळं करून ऐकत होती.

एप्रिलमध्ये ते परत गेले. इंजिन चकलीच्या डब्यात कापसात गुंडाळून हातातल्या पिशवीतून नेलं. विमानतळावर तपासणीच्या वेळी डबा उघडायला लावला, तेव्हा तिथल्या माणसालाही थोडक्यात माहिती दिली असं कळतं.

तर मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात तुम्ही ब्रश हातात घेतलात, तर अण्णांचे तीन प्रश्न आधी विचारा. खाली काय आहे? वर काय घालणार? पुसणार कशाने? खालचं गोत्र पुढच्या उत्तरांत पुन्हा आलं तर थांबा.

इंजिन आता भुसावळला आमच्या थोरल्या भावाकडे शोकेसवर आहे. परवा फोनवर आम्ही त्याची खुशाली विचारली. अण्णा म्हणाले, "धूळ फार बसते इथे. परवा ओल्या फडक्याने पुसलं मी. मळ मात्र हलला नाही हो, जागच्या जागी आहे."